शासन कोणाला, निष्ठा कोणाशी?

धर्मग्रंथ वाचायचा तो पूजेसाठी नव्हे, तपासणीसाठी, ही शिस्त महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्याला घालून दिली. हिंदू धर्मग्रंथांच्या बाबतीत ही तपासणी आपण बऱ्याच प्रमाणात केली आहे. इतरांच्या ग्रंथांकडे मात्र आपले कार्यकर्ते फारसे वळत नाहीत. 'आपण बौद्ध, आपण देव मानत नाही, मग दुसऱ्यांच्या देवाची चौकशी कशाला?' असा त्यांचा सूर असतो. हा सूर मला अपुरा वाटतो. देव नाकारला म्हणजे देवाच्या नावाने माणसांनी काय काय केले याचा अभ्यास संपत नाही. उलट तो तेथून सुरू होतो.

मी शिरगावला राहतो. पालघर-बोईसर भागातील विद्यार्थ्यांशी आणि शिक्षकांशी धर्माविषयी बोलणे निघाले की बायबलमधील एका गोष्टीवर चर्चा हमखास अडते. इजिप्तमधील गुलामांना देवाने सोडवले असे तो ग्रंथ सांगतो. आणि त्याच देवाने त्याच लोकांवर पुढे दुष्काळ, रोगराई, परचक्र आणि हद्दपारी आणली असेही तोच ग्रंथ पानोपानी सांगतो. सोडवणारा आणि झोडपणारा एकच कसा? आणि एवढा मार खाऊनही त्या लोकांनी त्याच्याशी निष्ठा का राखली?

या प्रश्नाचा शोध घेताना मला जे दिसले ते येथे मांडतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. प्राचीन इस्रायली संदेष्ट्यांनी दैवी शासनाची कल्पना बलवानांवरील आरोपपत्र म्हणून वापरली. तीच कल्पना दुबळ्याच्या गळ्यात बांधली की तिचा कर्मसिद्धांत होतो. म्हणून या कल्पनेचा विचार करताना 'देव आहे की नाही' या प्रश्नाइतकाच 'शासन कोणाला आणि निष्ठा कोणाशी' हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

तीन शब्द

हिब्रू भाषेतील तीन शब्द आधी समजून घेतले पाहिजेत. पहिला शब्द 'ब्रीत', म्हणजे करार. इस्रायली लोकांचे त्यांच्या देवाशी असलेले नाते जन्मजात रक्ताचे नव्हते, ते कराराचे होते. करारात दोन पक्ष असतात, अटी असतात, आणि मोडला तर परिणाम असतात.

दुसरा शब्द 'मूसार'. त्याचा अर्थ शिक्षा असा होतो, तसाच शिकवण असाही होतो. मराठीतील 'शासन' शब्दही असाच दुहेरी आहे. आपण दंडालाही शासन म्हणतो, आणि पाली ग्रंथ बुद्धाच्या शिकवणुकीला 'सासन' म्हणतात. मूसार म्हणजे बाप मुलाला वळण लावतो तसे शासन. त्यामागे नाश करण्याचा हेतू नाही, सुधारण्याचा आहे, अशी त्या लोकांची समजूत होती.

तिसरा शब्द 'एमुना'. त्याचे भाषांतर बहुधा 'विश्वास' असे केले जाते. पण त्याच्या मुळाशी मनातील श्रद्धेपेक्षा ठामपणा, टिकून राहणे हा अर्थ आहे. अमालेकी लोकांशी लढाई चालू असताना मोशेचे हात सूर्यास्तापर्यंत स्थिर राहिले, तेथे हाच शब्द येतो. म्हणजे एमुना ही दीर्घकाळ धरून ठेवण्याची कृती आहे. 'आमेन' हा शब्दही त्याच धातूपासून झाला.

आता देव रागावला म्हणून देशावर संकट आले, ही कल्पना काही एकट्या इस्रायली लोकांची नव्हती. त्यांच्या शेजारी मवाब देश होता. तेथील मेशा राजाचा इसवी सनापूर्वी नवव्या शतकातील शिलालेख १८६८ साली दिबान येथे सापडला. इस्रायलच्या ओम्री राजाने मवाबला बराच काळ पिडले, कारण मवाबचा देव कमोश आपल्या देशावर रागावला होता, असे त्या लेखात कोरलेले आहे. पण कमोश का रागावला, हे मेशा सांगत नाही. त्याला ते सांगण्याची गरज वाटली नाही. देवांचा राग राजांच्या लेखी पावसासारखा होता. तो येई आणि जाई.

इस्रायली संदेष्ट्यांनी येथेच फरक केला. त्यांनी देवाच्या रागाला कारण दिले, आणि ते कारण समाजव्यवहारात शोधले.

तीन खटले

बायबलमध्ये मूर्तिपूजेबद्दल झालेल्या शिक्षांच्या कथा पुष्कळ आहेत. त्या बाजूला ठेवून मी तीनच प्रकरणे घेतो, कारण आपल्या वाचकांना ती अधिक ओळखीची वाटतील.

पहिले प्रकरण गिबोनी लोकांचे. कनान देशात शिरलेल्या इस्रायली लोकांना हे लोक फाटके कपडे आणि बुरसटलेल्या भाकरी घेऊन भेटले. आपण फार दूरदेशाहून आलो आहोत असे भासवून त्यांनी अभयाची शपथ मिळवली. तीन दिवसांनी कळले की ते तर शेजारचेच. शपथ झाली होती म्हणून त्यांना मारले नाही, पण त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचे काम लादले. लाकडे फोडायची आणि पाणी वाहायचे. गुलामीतून सुटलेल्या लोकांनी स्थिरावल्याबरोबर स्वतःसाठी एक सेवक जमात तयार केली, हे त्यांच्याच ग्रंथात लिहिले आहे. महार वतनाची लाकूडफोड आणि वेठ ज्यांच्या घरात होऊन गेली त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. त्या वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले होते.

पण कथा तेथे थांबत नाही. पुढे शौल राजाने या गिबोनी लोकांची कत्तल केली. त्यानंतर दावीदाच्या राज्यात सलग तीन वर्षे दुष्काळ पडला. कारण विचारता देवाकडून उत्तर आले की गिबोनी लोकांना दिलेली शपथ मोडली गेली म्हणून हे शासन आहे. येथे फिर्यादी कोण आणि आरोपी कोण ते पाहावे. फिर्यादी आहे पाणक्यांची जमात. आरोपी आहे राजघराणे, आणि शिक्षा भोगतो आहे सगळा देश.

पुढचा भाग मात्र भयंकर आहे. भरपाई म्हणून शौलाच्या वंशातील सात जणांना गिबोनी लोकांच्या हवाली करण्यात आले आणि त्यांनी त्यांना मारून टांगले. त्यांतील दोघांची आई रिस्पा खडकावर गोणपाट अंथरून बसली आणि कापणीच्या हंगामापासून पाऊस पडेपर्यंत दिवसा पक्ष्यांना व रात्री जनावरांना तिने त्या प्रेतांजवळ येऊ दिले नाही. अखेर राजालाच लाज वाटून त्याने सर्वांची हाडे गोळा करून पुरली. त्यानंतर देवाने देशाची विनंती ऐकली, असे ग्रंथ म्हणतो. सात जणांना टांगल्यानंतर लगेच तसे झाले, असे मात्र तो म्हणत नाही. निष्ठा या शब्दाचा अर्थ मला रिस्पाच्या त्या बसण्यात दिसतो.

दुसरे प्रकरण नाबोथाच्या द्राक्षमळ्याचे. अहाब राजाला राजवाड्यालगतची नाबोथाची जमीन हवी होती. वाडवडिलांची जमीन देणार नाही, असे नाबोथ म्हणाला. राणी ईजबेलने राजाच्या शिक्क्याची पत्रे पाठवली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, देवाची आणि राजाची निंदा केल्याचा आरोप ठेवला आणि नाबोथाला दगडांनी ठेचून मारवले. राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला तेव्हा तेथे त्याला एलिया संदेष्टा आडवा आला. खून करून वर ताबाही घेतलास काय, असा जाब त्याने विचारला. पुढे अहाबाच्या मुलाचे प्रेत त्याच नाबोथाच्या शेतात फेकले गेले. खोटी साक्ष, सरकारी शिक्का, धर्मनिंदेचा आरोप आणि शेवटी जमीन. यातली कोणती गोष्ट आपल्या ग्रामीण भागाला परकी आहे?

तिसरे प्रकरण सर्वांत बोलके आहे. बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला तेव्हा सिद्कीया राजाने आणि सरदारांनी हिब्रू दासदासींना मुक्त करण्याचा करार केला. वासरू कापून त्याच्या दोन भागांमधून चालत जाऊन त्यांनी शपथ घेतली. गुलाम सुटले. मग वेढा तात्पुरता उठला. संकट टळले असे वाटताच त्याच मालकांनी त्याच माणसांना पुन्हा गुलाम केले. तेव्हा यिर्मया संदेष्ट्याने सांगितले की तुम्ही स्वातंत्र्य दिले नाही, म्हणून आता तलवार, रोग आणि दुष्काळ यांनाच तुमच्यावर मोकळीक दिली जात आहे. इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये यरुशलेम पडले.

आमच्या जिल्ह्यात या कथेचा अर्थ सांगायला लांब जावे लागत नाही. डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यात वारली आदिवासी लग्नासाठी कर्ज काढत आणि त्यापोटी नवराबायको दोघेही सावकाराकडे राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती हकिगत लिहून ठेवली आहे. वेठबिगारी नष्ट करणारा देशव्यापी कायदा यायला मात्र १९७६ साल उजाडले. अडचणीच्या वेळी सुटकेची घोषणा करायची आणि वेळ निभावली की माणसे परत कामाला जुंपायची, ही सिद्कीयाची रीत कायद्याच्या पुस्तकाने आपोआप बंद होत नाही.

पराभूतांनी स्वतःवर ठेवलेला आरोप

या परंपरेचा आवाज सर्वांत स्पष्ट ऐकू येतो तो आमोसात. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातील हा माणूस तकोवा गावचा मेंढपाळ होता आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखत असे. बेथेलच्या मुख्य पुरोहिताने त्याला हाकलले तेव्हा आपण संदेष्ट्यांच्या घराण्यातले नाही, असे त्याने सरळ सांगितले. पुरोहिताचा अधिकार जन्माचा होता. आमोसाचा अधिकार त्याने पाहिलेल्या अन्यायाचा होता. खोटी मापे, गरिबाला वहाणांच्या एका जोडासाठी विकणे, लाच खाऊन न्याय फिरवणे, ही त्याची आरोपांची यादी. यज्ञ आणि भजने देवाला नकोत, न्याय हवा, हा त्याचा निष्कर्ष.

आपण निवडलेले लोक आहोत, या अहंकाराला त्याने दोन प्रकारे सुरुंग लावला. निवडलेले आहात म्हणूनच तुमचा हिशेब आधी होईल, असे तो म्हणाला. शिवाय पलिष्टी आणि अरामी लोकांनाही त्याच देवाने त्यांच्या त्यांच्या ठिकाणाहून बाहेर आणले आहे, तेव्हा इजिप्तमधून बाहेर पडल्याची फुशारकी नको, असेही त्याने ऐकवले.

इसवी सनापूर्वी ७२२ मध्ये उत्तरेचे राज्य असूरी सैन्यापुढे पडले आणि ५८६ मध्ये दक्षिणेचे. जगाच्या इतिहासात हरलेली राष्ट्रे असंख्य आहेत. हरल्यावर बहुतेकांनी शत्रूला किंवा नशिबाला दोष दिला. या लोकांनी मात्र पराभवाच्या इतिहासात स्वतःच्याच राजांची, सरदारांची आणि पुरोहितांची पापे नोंदवली आणि तो इतिहास पवित्र ग्रंथ म्हणून जपला. स्वतःवरचे आरोपपत्र जपून ठेवणे हे त्यांच्या एमुनाचे मला सर्वांत अस्सल रूप वाटते. आपल्याकडे वर्चस्व गाजवणाऱ्यांच्या एकाही ग्रंथात शंबुकाच्या किंवा एकलव्याच्या बाजूने असे आरोपपत्र नाही.

या कल्पनेतील विष

एवढे सांगून थांबलो तर ती एकांगी स्तुती होईल. दैवी शासनाच्या कल्पनेत विषही आहे.

ते असे. अन्याय करणाऱ्यावर संकट येते, हे विधान उलटे फिरवायला वेळ लागत नाही. मग संकट आले आहे त्याअर्थी त्याने पाप केले असेल, असे होते. इयोबाच्या पुस्तकात हेच घडते. संपत्ती, मुले आणि शरीर गमावलेल्या इयोबापुढे बसून त्याचे मित्र त्याला सांगतात की तुझे काहीतरी चुकले असेल, कबूल कर. इयोब कबूल करत नाही. पुस्तकाच्या शेवटी देव मित्रांनाच खोटे ठरवतो. दुःखिताला पापी ठरवणाऱ्यांची बाजू ग्रंथानेच फेटाळावी, ही धर्मवाङ्मयात दुर्मीळ गोष्ट आहे.

आपल्याकडे इयोबाचे मित्र जिंकले. चोखामेळ्याच्या काही अभंगांत आपला हीन जन्म हे पूर्वकर्माचे फळ असल्याची भावना येते. त्याचा मुलगा कर्ममेळा देवालाच जाब विचारतो, पण परंपरेने मुलापेक्षा बापाची शरणागती उचलून धरली. पूर्वजन्मीच्या कर्माची शिकवण समाजाला आणि राज्यसंस्थेला गरिबांच्या स्थितीबद्दलच्या जबाबदारीतून सोडवण्यासाठीच उपयोगी पडते, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये नेमके दाखवले आहे. इस्रायली शासन या जन्मातील कृत्याचे होते आणि ते कृत्य सांगता येत होते. कर्माच्या शासनात गुन्हा अज्ञात आणि शिक्षा जन्मभर.

विषाचा दुसरा घटक वंशपरंपरेचा. बापाच्या गुन्ह्यासाठी सात जणांना मारल्याची गोष्ट वर आली. पुढे हद्दपारीच्या काळात यहेज्केल संदेष्ट्याने हा न्याय नाकारला. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली म्हणून मुलांचे दात आंबतात, अशा अर्थाची एक म्हण लोकांत होती. ही म्हण यापुढे बोलू नका, ज्याचे त्याचे कृत्य ज्याच्या त्याच्या पदरी, असे तो म्हणाला. जन्माने पाप येत नाही, असा याचा अर्थ.

तिसरा घटक स्त्रियांच्या संदर्भातील. होशेय संदेष्ट्याने करार मोडणाऱ्या राष्ट्राला व्यभिचारी बायकोची उपमा दिली आणि देवाला शिक्षा करणाऱ्या नवऱ्याची. तिला उघडी करण्याची धमकी त्या रूपकात आहे. रूपक म्हणून ते कितीही खपवले तरी नवऱ्याच्या हातातील काठीला ते देवत्व देते. गावात नग्न धिंड काढल्या गेलेल्या दलित स्त्रीला हे रूपक कोणत्या तोंडाने समजावून सांगायचे?

चौथी मर्यादा कायद्यातील. कर्जात बुडालेल्या इस्रायली माणसाला सोडवण्याची तरतूद त्यांच्या कायद्यात आहे, पण परक्या जमातीतील गुलाम कायमचे ठेवण्याची मुभाही तेथेच आहे. आपल्या माणसांपुरती मुक्ती ही अर्धीच मुक्ती.

कोकण किनाऱ्यावर

हा देव आपल्या किनाऱ्यावर दोन वाटांनी आला. एक वाट तलवारीची. शिरगावच्या किनाऱ्यावर किल्ला उभा आहे. हा सगळा मुलूख पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांतात मोडत होता. वसई हे त्याचे मुख्य ठाणे. १७३९ साली चिमाजी अप्पाच्या मोहिमेत ते मराठ्यांकडे आले. पोर्तुगीजांनी १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय बसवले. चुकलेल्यांना देवाच्या वतीने सुधारणे, असे त्याचे नाव. त्याचे बळी कोण? इतरांबरोबर यहुदी वंशाचे नवख्रिस्तीही. मुंबई बेट ज्याच्याकडे खंडाने होते तो गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५६८ साली वारला. १५६९ साली त्याच्या बहिणीला जिवंत जाळले आणि १५८० साली त्याची हाडे उकरून जाळली. यहुदी संदेष्ट्यांनी राजांविरुद्ध वापरलेली शासनाची कल्पना राजसत्तेने उचलली आणि यहुद्यांवरच चालवली.

दुसरी वाट जहाजफुटीची. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून सात जोडपी वाचली आणि त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले, असे बेने इस्रायल लोक आपल्या मुळाविषयी सांगतात. त्यांच्याजवळ मंदिर नव्हते, पुरोहित नव्हता, पोथीही नव्हती. राहिली ती सुंता, खाण्याचे काही नियम, 'शेमा' ही प्रार्थना आणि शनिवारची सुटी. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. या सुटीची जी कारणे बायबल देते त्यांतील एक असे की तुम्ही इजिप्तमध्ये गुलाम होता, म्हणून तुमच्या दासाला, दासीला आणि बैलालाही विसावा मिळावा. घाण्याला जुंपलेला बैल शनिवारी मोकळा राहत असे. पोथी बुडाली तरी करारातील एक कलम असे हातापायांत टिकले.

त्यांचे सण पाहावेत. उपासाने प्रायश्चित्त घेण्याच्या दिवसाला ते 'दारफाळणीचा सण' म्हणतात, कारण त्या दिवशी दारे बंद करून घरात राहायचे. यरुशलेमच्या विनाशाच्या स्मरणदिनाला 'बिरड्याचा रोजा' म्हणतात. म्हणजे इसवी सनापूर्वी ५८६ चे दुःख कोकणात वालाच्या बिरड्याशी जोडले गेले. नवस फेडताना ते पोहे, नारळ, गूळ आणि फळे यांचा मलिदा करतात आणि 'एलियाहू हनाबी'चे नाव घेतात. हा एलियाहू म्हणजे नाबोथाच्या मळ्यात राजाला आडवा आलेला एलियाच. अलिबागजवळ खंडाळे येथे त्याच्या रथाची खूण दाखवतात.

येथेही दुसरी बाजू आहे. जातीच्या देशात राहून या समाजाने जात उचलली. बाहेरच्या स्त्रियांपासून झालेल्या संततीला 'काळे इस्रायल' म्हटले आणि 'गोऱ्या इस्रायलां'नी त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार टाळला. हा भेद विसाव्या शतकात ओसरत गेला. १९४८ नंतर बहुतेक समाज इस्रायल देशात गेला तेव्हा तेथे प्रश्न उलटा फिरला. तुम्ही शुद्ध यहुदी आहात काय, असे आता त्यांनाच विचारले जाऊ लागले. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने आदेश काढला की बेने इस्रायल व्यक्तीचे इतर यहुद्यांशी लग्न लावण्यापूर्वी तिच्या आई-आजीच्या वंशाची शक्य तेवढी मागपर्यंत चौकशी करावी. कोकणात शतकानुशतके शनिवार पाळणाऱ्यांची निष्ठा रक्ताच्या चौकशीपुढे अपुरी ठरली. बेने इस्रायल गप्प बसले नाहीत. १९६४ साली त्यांनी यरुशलेममध्ये आंदोलन केले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव केला. पोथीने आणि पीठाने जे दिले नाही ते संघर्षाने मिळाले.

या इतिहासात मला दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. एमुना म्हणजे काय हे या तेली समाजाने दाखवले. आणि ज्याच्यावर अन्याय होतो तोही संधी मिळताच दुसऱ्यासाठी खालची पायरी बांधतो, हेही त्याच समाजाने दाखवले. गिबोनी लोकांची कथा अलिबागेत पुन्हा घडली होती.

आपण काय घ्यावे?

बाबासाहेबांनी १९४१ साली एका इंग्रजी वृत्तपत्रात मोझेसवर लेख लिहिला होता. गुलाम लोकांना घेऊन निघालेल्या आणि त्यांच्याच कुरकुरीला तोंड देणाऱ्या त्या नेत्याच्या कथेत त्यांना दलितांसाठी आशा दिसली. पण धर्म निवडताना त्यांनी मोझेसचा देव निवडला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी आपल्याला जो धम्म दिला त्यात दंड करणारा देव नाही आणि सोडवणाराही नाही. बुद्ध हा मार्गदाता आहे.

मग देवच नसेल तर शासन कोण करणार? हा प्रश्न टाळता येणार नाही. दंड करणारा देव गेला म्हणजे चूक दाखवणारा आवाज अनावश्यक झाला, असे आपल्यातील अनेकांना वाटू लागले आहे. बौद्ध आणि मातंग यांच्या बेटीव्यवहाराचे नाव काढले की सभा शांत होते. शिकून शहरात स्थिरावलेला माणूस गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराला 'आपला' म्हणतो, पण त्याच्या वस्तीत जात नाही. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत आणि घरात बायकोवर हात उगारला जातो. हे बोलणाऱ्याला 'चळवळीची बदनामी करू नका' असे ऐकावे लागते. बेथेलचा पुरोहितही आमोसाला याहून फार वेगळे सांगत नव्हता.

धम्मात या प्रश्नाचे उत्तर आहे. वर्षावास संपला की भिक्खूंनी 'पवारणा' करावी, असा विनयाचा नियम आहे. प्रत्येक भिक्खूने संघापुढे विनंती करायची की माझे काही चुकल्याचे तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल, तशी शंका आली असेल, तर मला सांगा, मी सुधारेन. येथे शिक्षा आकाशातून येत नाही. सोबत चालणाऱ्यांकडून दुरुस्ती येते, आणि ती मागायची असते. दुबळ्याला पूर्वजन्मीचा गुन्हेगार ठरवायला येथे जागाच नाही.

म्हणून इस्रायली परंपरेकडून देव घेण्याची आपल्याला गरज नाही. घ्यावी ती आरोपपत्र जपण्याची सवय. आपल्या साहित्याने सवर्ण समाजावर आरोपपत्र ठेवले, ते योग्यच केले आणि ते अजून संपलेले नाही. त्याच लेखणीने आपल्या वस्तीतील नाबोथ आणि गिबोनी कोण हेही लिहावे. प्रत्येक गावातील कार्यकर्त्यांनी वर्षातून एकदा, वर्षावासाच्या शेवटी, मातंग, चर्मकार, आदिवासी आणि भूमिहीन मजुरांना, आणि विशेषतः स्त्रियांना, आपल्या बैठकीत बोलावून आपले काय चुकले ते विचारावे आणि त्यांनी सांगितलेले इतिवृत्तात लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी बैठक त्या पानापासून सुरू व्हावी.